थोरेमामांची पंगत

परवा सकाळी घरचा लॅपटॉप उघडला आणि त्यानं निळ्या पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरवायला सुरुवात केली. अपडेट चालू आहे, बंद करू नका म्हणे. दहाला माझं ऑनलाइन व्याख्यान, घड्याळात पावणेदहा. मी स्वभावानं चिडकी. एरवी त्या लॅपटॉपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, "असू दे बाबा, वाढून होऊ दे." स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "अगं, आत्ता कुठं कुकर लावलाय!" मी एकटीच हसत बसले.

हे वाक्य माझं नाही, थोरेमामांचं आहे. रंगनाथ थोरे, आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागातले प्रयोगशाळा परिचर. साध्या भाषेत लॅबचे शिपाई. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पण अजूनही लॅबमध्ये एखादं मशीन अडलं की कुणीतरी म्हणतंच, "मामा असते तर."

मामा लासूर स्टेशनचे. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर एक रुमाल. त्या रुमालानं ते घाम पुसायचे नाहीत. तो फक्त मॉनिटर पुसायला. घामाला दुसरा होता, तो खिशात. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात त्यांनी मला अडवलं.

"मॅडम, चप्पल."

"काय झालं चपलेला?"

"बाहेर काढा. आत धूळ जाती."

मी एम.एस्सी. झालेली, नेटवर्किंग शिकवायला आलेली, नवी कोरी सँडल घातलेली. मला चांगलाच राग आला. म्हटलं, "मामा, हे मंदिर आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "नाय मॅडम, लॅब हाये. मंदिरात मशीनचे पंखे नसत्यात आत धूळ ओढाय." सँडल काढली. ती पुढं तेरा वर्षं काढत राहिले.

मामांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. अक्षर अक्षर जोडून वाचायचे. पण मशीनचं दुखणं ते वाचून ओळखत नसत, पडद्याचा तोंडवळा बघून ओळखत. निळा पडदा आला की "हे तापलंय", काळ्यावर पांढरी अक्षरं आली की "हे गोंधळलंय", आणि चक्र फिरत राहिलं की "हे जेवतंय, याला बोलू नका". अपडेटला मामा जेवण म्हणायचे. मशीन टक्के दाखवायचं ते मोठ्यानं वाचायचे. "तीस झालं. एकतीस झालं. एकतीस... एकतीसच हाये अजून." पोरं हसायची. मामांना त्याचं काही नव्हतं.

आता अपडेट म्हणजे काय, हे न कळणाऱ्यांसाठी सांगते. कॉम्प्युटर ज्या मूळ यंत्रणेवर चालतो, ती दर महिन्याला स्वतःची डागडुजी करून घेते. दुरुस्तीचं सामान इंटरनेटवरून येतं. घरात एक कॉम्प्युटर असेल तर अर्धा तास गेला, चहा पिऊन या. आमच्याकडे होते एकशेचाळीस. तीन लॅब, चौदा ओळी, ओळीत दहा, आणि इंटरनेटची लाइन एकच. एकशेचाळीस मशीन एकाच वेळी त्या लाइनीला तोंड लावायची. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं तेव्हा गल्लीत जे होतं, तेच तिथं व्हायचं. कुणालाच धड काही मिळायचं नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला पोरं चक्राकडे बघत बसायची आणि मी टेबलावर डस्टर आपटायची.

मग मामांनी पेनड्राइव्हचा मार्ग काढला. म्हणजे मार्ग मी सांगितला, चालले ते. सामान एकदाच उतरवून घ्यायचं, पेनड्राइव्हवर भरायचं आणि मशीन-मशीनला नेऊन घालायचं. मामांनी दहा पेनड्राइव्ह एका काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवले. एकशेचाळीस मशीनला आठ दिवस लागायचे. नवव्या दिवशी गळ्यातली माळ काढून ते कपाटात ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं बगा. आता पुढच्या महिन्यापर्यंत सुखी." पुढचा महिना तीन आठवड्यांवर आलेला असायचा.

या जेवणाच्या बाबतीत ते कुणाचीही भीड ठेवत नसत. एकदा प्राचार्यांना तातडीनं एक पत्र छापायचं होतं. त्यांच्या केबिनमधला प्रिंटर बिघडलेला, म्हणून ते थेट लॅबमध्ये आले. समोरच्या मशीनवर चक्र फिरत होतं. साहेबांनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग वाकून सरळ प्लगलाच हात घातला. मामा पलीकडच्या ओळीतून एवढ्या जोरात ओरडले की साहेबांच्या हातातला कागद खाली पडला.

"साहेब! जेवत्या माणसाच्या पुढनं ताट ओढता का?"

साहेब म्हणजे जमदग्नी. पण ते प्लग सोडून सरळ उभे राहिले आणि चक्क म्हणाले, "नाही ओढत. किती वेळ लागेल, मामा?" मामांनी पडद्याकडे बघितलं. "अठ्ठ्याऐंशी झालंय. आता भातावर आलंय. दम धरा, वाढून होऊ द्या." आणि प्राचार्य खुर्ची ओढून बसले. अठ्ठ्याऐंशीचे शंभर होईपर्यंत मामांनी त्यांना लासूरच्या बाजारातला कांद्याचा भाव सांगितला.

हे ताट आणि भात काय प्रकरण, ते मला पुढं कळलं. मामांच्या गावाकडे दरवर्षी सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की सगळा पंचक्रोशीतला माणूस जेवायला. त्या पंगतींची सगळी व्यवस्था थोऱ्यांच्या घराकडे. आधी मामांचे वडील बघायचे, मग मामा. तिथं त्यांना शिपाई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिथं ते पंगतीचे मुकादम. एकदा आम्ही विभागातले चौघं जण जेवायला गेलो होतो. मामा कमरेला उपरणं बांधून मध्ये उभे, हातात काही नाही, नुसत्या बोटानं पोळी इकडं, आमटी तिकडं. हजारो माणूस जेवून उठलं, पण कुठं आरडाओरड नाही की कुणी ताटकळलं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, या माणसाला आपण खडू आणायला पाठवतो!

तर ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती अशी. मामांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. तेव्हा कॉलेजला एक संधी आली. सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आमच्याकडे द्यायचं का, हे बघायला तपासणी पथक येणार होतं. अट अशी की एकशेचाळीसच्या एकशेचाळीस मशीनवर यंत्रणेची तीच नवी आवृत्ती पाहिजे, एकही मागं नको. आणि ही डागडुजी महिन्याची साधी नव्हती, मोठी होती. सामान पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचं तर पंधरा दिवस. पथक येणार सोमवारी, आणि आम्हाला पत्र मिळालं बुधवारी.

मी कपाळाला हात लावून बसले. मामा चहा घेऊन आले. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. एरवी मामा अशा वेळी "होईल की" म्हणून कप उचलायचे. त्या दिवशी ते समोरच्या स्टुलावर बसले. ते माझ्यासमोर कधी बसत नसत.

"मॅडम, हे सेंटर आपल्याला भेटलंच पाहिजे."

"मला काय नकोय का? पण करू कसं?"

"मी एक इचारू का? राग येईल तुम्हाला."

"मला कशाचाही येतो. विचारा."

"ही एकशेचाळीस मशीनं चुलीपाशी कामून जातेत?"

मला काही कळेना. मग मामांनी टेबलावरचे माझे खडू घेतले आणि ओळीत मांडले. म्हणाले, "सप्त्यात जेवणारा माणूस कधी ताट घेऊन भट्टीपाशी जातो का? गेला तर चेंगराचेंगरी व्हईल. भट्टीवरनं एक बादली ओळीच्या तोंडाला येती. तिथं वाढपी उभा. तो ओळीत वाढत जातो. चौदा ओळी, चौदा वाढपी. भट्टीपाशी चौदाच माणसं येणार. मग ही मशीनं शेजारच्याला वाढत का नाय? तारेनं तर बांधलेली हायेत एकमेकाला."

मला लाज वाटली. कारण ती सोय यंत्रणेत कधीपासूनची होती. एका मशीननं सामान उतरवायचं आणि आतल्या आत तारेवरून शेजारच्यांना वाटायचं. इंटरनेटच्या लाइनीला त्याचा पत्ताही लागत नाही. मी ते दुसऱ्या वर्षाला शिकवत होते. फळ्यावर आकृती काढून, बाण दाखवून. परीक्षेत त्यावर प्रश्नही घालत होते. आणि इकडे मामांच्या गळ्यात मी दहा पेनड्राइव्ह बांधले होते.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

"तुम्ही आधी इचारलं नाय."

गुरुवारी आम्ही पंगत मांडली. प्रत्येक ओळीचं पहिलं मशीन वाढपी. मामांनी त्यावर हिरवी टिकली चिकटवली. बाकीच्यांना मी ताकीद दिली की बाहेर जायचं नाही, जे घ्यायचं ते आपल्या ओळीच्या वाढप्याकडून घ्या. सकाळी सुरू केलं. चौदा मशीननी सामान खेचलं आणि मग ते ओळीत सरकायला लागलं. मी मध्ये बसून आकडे बघत होते, मामा ओळीतून फिरत होते. "पाचवी ओळ झाली. नववीत शेवटचे दोन राहिलेत. अकरावीचा वाढपी झोपलाय, मॅडम, त्याला हलवा." दुपारपर्यंत एकशेचाळीस मशीनमध्ये सामान पोचलं. जिथं पंधरा दिवस लागणार होते, तिथं एक सकाळ. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी त्या वाजवल्या.

आता फक्त ते सामान बसवायचं होतं. म्हणजे मामांच्या भाषेत वाढून झालं होतं, जेवायचं बाकी होतं. मी म्हटलं, ज्या मशीनचं झालंय ते आपलं आपलं सुरू करेल. मामांनी कानाला हात लावला.

"आसं कसं मॅडम? शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पहिल्यानं घास उचलायचा नाय. रीत हाये. सगळ्यांनी एकदम बसायचं."

आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, म्हटलं, बरोबर आहे. यशाची धुंदी दुसरं काय! सगळ्या मशीनला एकच हुकूम तयार केला. मामा लॅबच्या मधोमध उभे राहिले, टोपी सारखी केली, दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हर हर महादेव!" मी बटण दाबलं.

एकशेचाळीस पंखे एकदम घरघरले. कोपऱ्यातल्या यूपीएसनं, सगळ्या मशीनना वीज पुरवणाऱ्या त्या बॅटऱ्यांच्या पेटीनं, एक किंकाळी फोडली. मग दुसरी. मग सगळं काळं झालं आणि इतकी शांतता पसरली की खालच्या कँटीनमधल्या कपबश्या ऐकू आल्या.

आमचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई धावत वर आले. सिल्लोडचा माणूस, जिभेला हाड नाही. "क्या मामा! कायकू सबको एकदम उठा दिए? यूपीएस बुड्ढा है अपना, उसकू भी दम लगता ना!" तिन्ही लॅब एका वेळी पूर्ण जोरानं कधी चालल्याच नव्हत्या. रोजचं प्रॅक्टिकल एका वेळी एकाच लॅबमध्ये असायचं, बाकीच्या दोन नुसत्या चालू. ते यूपीएसला माहीत होतं, सलीमभाईंना माहीत होतं, आणि मला माहीत असायला हवं होतं.

वीज आली तेव्हा सव्वीस मशीन उठलीच नाहीत. अर्ध्या जेवणावर वीज गेल्यामुळे ती ना जुन्या आवृत्तीवर होती ना नव्या. माझा तोल सुटला. मी मामांना नको ते बोलले. म्हटलं, "ही लॅब आहे मामा, तुमचा सप्ताह नाही! आता सोमवारी काय दाखवू मी, तुमची रीत?" बोलले आणि जीभ चावली. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

मामांनी टोपी काढली. मी त्यांना बिनटोपीचं पहिल्यांदाच बघितलं. केस अगदी पांढरे होते.

"चुकलं माझं, मॅडम," ते म्हणाले. "सप्त्यात हजार माणूस एकदम जेवलं तरी ज्याचं तोंड त्याला. इथं सगळ्यांचं तोंड एकच, ते कोपऱ्यातलं डबडं. हे माझ्या ध्यानातच आलं नाय." मग म्हणाले, "पर हे सेंटर जाऊ देऊ नका. माझ्या शीतलचं वयात बसायचं शेवटचं वर्ष हाये."

शीतल त्यांची लेक. ती परीक्षा देते एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी तेव्हा सांगितलं, सव्वीस काळ्या पडद्यांच्या समोर उभं राहून. तीन वर्षांपूर्वी तिला याच परीक्षेचं केंद्र आलं होतं लांबच्या एका शहरात. आदल्या दिवशी बाप-लेक एसटीनं गेले, स्टँडवर बसून राहिले, सकाळी केंद्रावर पोचले. शीतल मशीनसमोर बसली, आणि त्या मशीनचं अपडेट सुरू झालं. चक्र फिरायला लागलं. तिनं हात वर केला. पर्यवेक्षक म्हणाला, थांबा, होईल. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. शेजारच्यांचे निम्मे प्रश्न झाले. तिला दुसरं मशीन मिळालं तेव्हा पाऊण तास गेला होता, आणि पेपर बंद व्हायची वेळ तीच राहिली. थोडक्या मार्कांनी हुकलं.

"येताना गाडीत रडली नाय ती," मामा म्हणाले. "मला म्हणली, अण्णा, तुम्ही तर कॉम्प्युटरच्याच हपिसात हायेत ना, ते असं का करतंय? मला सांगता आलं नाय, मॅडम. तवापासनं मी त्या चक्राकडं बघतोय."

मला रडू फुटलं. मी चिडकी आहे तशीच रडकीही आहे. इतकी वर्षं या माणसानं मोठ्यानं टक्के वाचले, त्यातली शेवटची तीन वर्षं तो कुणाचे टक्के मोजत होता, हे मला माहीत नव्हतं. सलीमभाई खाली मान घालून यूपीएसच्या बॅटऱ्या मोजत राहिले.

शुक्रवार, शनिवार, रविवार आम्ही मशीन उठवत होतो. आता रीत बदलली होती. एक ओळ जेवून उठली की मगच दुसरी बसायची. सुट्टीच्या दिवशीही मामा सकाळच्या गाडीनं यायचे, सोबत सगळ्यांपुरत्या भाकरी आणि ठेचा. दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून आम्ही तिघं जेवायचो. सलीमभाई ठेच्यानं नाक पुसत म्हणायचे, "मामा, ये खाके तो यूपीएस भी दौडेगा!" सव्वीसपैकी पंचवीस मशीन उठली. राहिलं एक.

त्रेचाळीस नंबर. पाचव्या ओळीतलं, खिडकीशेजारचं, आधीपासूनच नखरेल. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं व्याही, कारण लग्नाच्या पंगतीत व्याही रुसतो तसं ते दर महिन्याला रुसायचं. मी त्यावर तीनदा सगळं नव्यानं घातलं. चौथ्या वेळी ते उठलं, पण उठताना चक्र इतका वेळ फिरवायचं की बघणाऱ्याचा जीव वर-खाली. मी म्हटलं, "याला काढून ठेवू या. एकशेएकोणचाळीस दाखवू."

"नाय," मामा म्हणाले. "एकशेचाळीस पानं सांगितली ना आपण? पान मांडल्यावर पाहुण्याला उठवायचं नाय. उठलंय ना ते? मग चालंल. मी बघतो त्याच्याकडं."

मामांनी काय बघितलं कोण जाणे. आतली धूळ ब्रशनं काढली, वायर बदलली, रविवारी दिवसभर दर तासाला ते चालू करून बंद करून बघितलं. सोमवारी पथक आलं. त्यातल्या एका साहेबांनी एकशेचाळीस मशीनची यादी बघून विचारलं, "एवढ्या कमी दिवसांत? कोणती पद्धत वापरलीत?" प्राचार्य छाती फुगवून म्हणाले, "पंगत पद्धत." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. केंद्र आम्हाला मिळालं. परीक्षेआधी यूपीएसला नव्या बॅटऱ्याही मिळाल्या.

प्रवेशपत्रं आली तेव्हा शीतलला केंद्र आलं आमचंच. मामा पेढे घेऊन येतील असं मला वाटलं. ते आले प्राचार्यांकडे अर्ज घेऊन. माझी मुलगी या केंद्रावर परीक्षार्थी आहे, तरी त्या दिवशी मला आत ड्यूटी देऊ नये. नियम तसाच होता, पण कुणी विचारायच्या आधी ते स्वतः गेले. मी म्हटलं, "मामा, एवढं सगळं तुम्ही उभं केलंत आणि तुम्हीच बाहेर?" ते हसले. "मॅडम, पंगतीच्या मुकादमानं आपल्या माणसाच्या पानापाशी उभं राहू नाय. लोक म्हणत्यात, तूप जास्त वाढलं."

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला मी गेले तर मामा फाटकाबाहेर लिंबाखाली. सिल्लोड, गंगापूर, दौलताबादकडून पोरं-पोरी येत होती. आत काही न्यायचं नाही, बॅगा कुठं ठेवायच्या हा प्रश्न. मामांनी लिंबाखाली बॅगा ओळीत लावायला सुरुवात केली होती. खडूनं जमिनीवर नंबर घालून. चौदा ओळी.

मी आत केंद्रप्रमुख. कुणाला कोणतं मशीन येणार, ते यंत्रणा आयत्या वेळी ठरवत होती. पेपर सुरू व्हायच्या क्षणी मी ओळीतून फिरत होते आणि माझी नजर राहून राहून त्रेचाळीसकडे जात होती. तिथं एक बाई बसली होती, हिरवट पंजाबी ड्रेस, ओढणी गच्च खोचलेली. तिनं माउसला हात लावला. चक्र आलं. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, व्याही, आज रुसलास तर तुला खिडकीतून खाली टाकीन. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते. चक्र एकदा फिरलं. दुसऱ्यांदा अर्धं फिरलं आणि पहिला प्रश्न उघडला. त्या बाईनं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

पेपर सुटल्यावर मी फाटकाशी गेले. मामा बॅगा देत होते, नंबर बघून, ज्याची त्याला. बॅगा संपत आल्या तेव्हा ती बाई बाहेर आली, हिरवट ड्रेसवाली, आणि सरळ त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. शीतलला मी कधी पाहिलं नव्हतं; मी तिथंच थबकले.

मामांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही.

"मशीन कवा सुरू झालं?"

"लगेच, अण्णा. बसल्या बसल्या."

"चक्र?"

"आलतं. एकदा फिरलं न् उघडलं."

"कितवा नंबर व्हता?"

"त्रेचाळीस."

मामांच्या हातातली बॅग खाली पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ते वॉचमनच्या स्टुलावर मटकन बसले आणि हसायला लागले. टोपी हातात, रुमालानं डोळे पुसतायत, मॉनिटर पुसायच्या रुमालानं, आणि हसतायत. शीतलला काही कळेना. "काय झालं अण्णा? मॅडम, काय झालं यांना?" मी सांगणार तर मलाच हसू आवरेना. सलीमभाई लांबूनच ओरडले, "अरे, कोई इनकू पानी तो देव!"

निकाल लागायला अजून दोन महिने होते. त्याचं काय झालं हे मामांना विचाराल तर ते आधी त्रेचाळीस नंबरची गोष्ट सांगतील, आणि ती संपेपर्यंत तुमची गाडी सुटेल.

मग बाप-लेक निघाले, स्टेशनच्या रिक्षासाठी. रस्ता ओलांडायच्या आधी मामा थांबले, वळले, टोपी नीट केली आणि दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. मी गडबडून इकडून हात जोडले. मग लक्षात आलं, त्यांची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली होती, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या पाचव्या ओळीकडे.